रस्त्याचे बूट, पट्ट्याचे बूट

मुलीने धावण्याचा विषय काढला तेव्हा माझ्या हातात वर्तमानपत्र होतं. हातात वर्तमानपत्र असलं की मी कशालाही "हो" म्हणतो, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे आणि सगळ्यांनी त्याचा आपापल्या परीने फायदा उठवलेला आहे.

"बाबा, शर्यत आहे. रस्त्यावरची, पाच किलोमीटर. मी नोकरीवर जायच्या आधीचाच रविवार आहे. आपण दोघं धावूया का?"

"हो," मी म्हणालो, आणि पान उलटल्यावर माझ्या लक्षात आलं की आपण कशाला हो म्हणालो.

मागे फिरता आलं असतं. गुडघा, रक्तदाब, ऑफिसचं काम, अशी माझ्या वयाच्या माणसाला शोभतील अशी कारणं तयार असतात. पण मुलगी दुसऱ्या शहरात निघाली होती, कायमची म्हणावी अशी, आणि गेल्या काही वर्षांत तिने माझ्याकडे वायफायच्या पासवर्डखेरीज काही मागितल्याचं आठवत नव्हतं. त्यामुळे मी वर्तमानपत्राची घडी घातली आणि गंभीरपणे म्हणालो, "ठीक आहे. पण बूट लागतील."

हे एक वाक्य मी गिळलं असतं तर पुढचं काही झालं नसतं.

मी एका विमा कंपनीत दाव्यांची कागदपत्रं तपासतो. कागद पुरे झाल्याशिवाय पुढचं पाऊल टाकायचं नाही, हे तिथे माझ्या अंगात इतकं मुरलं आहे की धावायच्या बाबतीतही मी तोच क्रम धरला. आधी बूट, मग धावणं. बायकोला हा क्रम पसंत नव्हता.

"अहो, आधी दोन दिवस चालून तर बघा," ती म्हणाली. "घरात आहेत की ते पांढरे."

"ते चालायचे आहेत. धावायचे वेगळे असतात."

"कुणी सांगितलं?"

कुणीच सांगितलं नव्हतं. पण संध्याकाळी सांगणारा दारात हजर झाला. माझा मेहुणा. हा गृहस्थ दरवर्षी एका नव्या विषयात तज्ज्ञ होतो. गेल्या वर्षी पाण्याच्या फिल्टरमध्ये होता, यंदा धावण्यात. त्याच्या मनगटावर एक घड्याळ आहे, ते वेळ सोडून सगळं दाखवतं. वेळ विचारली की तो खिशातून मोबाईल काढतो.

"भाऊजी, मला एकच सांगा," खुर्चीत बसायच्या आधीच तो म्हणाला. "सराव कुठे करणार? ट्रेडमिलवर की रस्त्यावर?"

आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर एक व्यायामाची खोली आहे आणि तिच्यात एक ट्रेडमिल आहे. रस्त्यावर चारचौघांत धावण्यापेक्षा आधी तिथे, दार लावून, थोडी सवय करून घ्यावी असा माझा विचार होता. तसं मी सांगितलं.

"म्हणजे दोन्हीकडे!" मेहुण्याने डोक्याला हात लावला. ऑपरेशन करायला उशीर झाला असं सांगताना डॉक्टर करत असतील तसा चेहरा त्याने केला. "अहो, ट्रेडमिलचा पट्टा मुळातच मऊ असतो. त्याच्यावर हलके, पातळ तळाचे, जाळीचे बूट हवेत. खोलीत वारा नसतो ना, पाय तापतात. आणि रस्ता म्हणजे दगड. तिथे जाड गादीचा तळ, पकड चांगली, टाचेला आधार. दोन्ही गोष्टी एका बुटात म्हणजे..." त्याला उपमा सापडली नाही. त्याने नुसतीच मान हलवली.

मग त्याने माझ्या पायाची परीक्षा घेतली. पाय ओला करून कागदावर उभं राहायचं. ठसा कसा उमटतो त्यावरून बुटाची जात ठरते म्हणे. मी बाथरूममध्ये पाय भिजवले आणि दिवाणखान्यात येईपर्यंत ते फरशीवरच निम्मे वाळले, म्हणून पुन्हा गेलो. तिसऱ्या फेरीत बायको आमच्या वाटेत आली, घसरली, मेहुण्याला धरून सावरली, आणि मग तिने आपल्या सख्ख्या भावाला जे ऐकवलं ते मला मनापासून पटलं. शेवटी माझं पाऊल वर्तमानपत्रावर उमटलं खरं, पण नेमकं निधनवार्तांच्या पानावर. बायकोने ते पान काढून घेतलं आणि क्रीडापान अंथरलं.

ठसा भरगच्च आला. मधली कमान म्हणून जी असते, ती माझ्या पायाला नव्हती.

"सपाट," मेहुणा म्हणाला.

ही बातमी जिन्यातून खाली कशी गेली ते मला माहीत नाही. पण दुसऱ्या दिवशी पहिल्या मजल्यावरच्या सरांनी मला अडवलं. सर म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक आणि आमच्या इमारतीच्या समितीचे अध्यक्ष. त्यांच्या समोर उभं राहिलं की आपला गृहपाठ राहिला आहे असंच वाटत राहतं.

"पाय सपाट आहेत म्हणे तुमचे?"

"हो सर."

"मग धावण्याच्या भानगडीत पडू नका. पोहा."

"पण शर्यत रस्त्यावर आहे, सर."

"तो तुमचा प्रश्न," सर म्हणाले आणि पिशवी सावरत वर गेले.

दुकानात मी मेहुण्याला घेऊन गेलो, ही पहिली चूक. दुसरी चूक अशी की ऑफिसातून थेट गेलो. दिवसभरात पाय थोडे फुगतात, म्हणून बूट संध्याकाळीच घ्यावेत, हे त्याचं म्हणणं बरोबर होतं. पण मी ऑफिसच्या पँटमध्ये होतो, आणि त्या दुकानात बूट घेण्याआधी गिऱ्हाइकाला पळवून बघत. काचेच्या दर्शनी भिंतीशी, रस्त्याकडे पाठ करून एक ट्रेडमिल ठेवली होती. विक्रेत्याने मला पँट गुडघ्यापर्यंत दुमडायला सांगितली आणि माझ्या टाचांमागे कॅमेरा लावला.

मी पळालो. बाहेर बसस्टॉप होता. बसची वाट बघणाऱ्या माणसांना त्या दिवशी बस उशिरा आल्याचं दुःख झालं नसावं.

नंतर विक्रेत्याने पडद्यावर माझे घोटे अगदी हळू गतीत दाखवले. आपल्या घोट्यांकडे मागून बघण्याचा प्रसंग सहसा येत नाही, आणि तो येऊ नये. काळे ऑफिसचे मोजे, त्यांचं सैल झालेलं रबर, आणि दर पावलाला हलणारी पोटरी.

"हे बघा सर," विक्रेता म्हणाला, "तुमचा उजवा पाय आत झुकतो. डावा एकदम सरळ आहे."

"म्हणजे काय करायचं?"

"उजव्याला आधाराचा बूट हवा, डाव्याला साधा."

"असे वेगवेगळे मिळतात?"

"नाही."

त्या "नाही"नंतर तो आणि मेहुणा बराच वेळ माझ्याकडे न बघता माझ्या उजव्या पायाविषयी बोलत राहिले. लहान मुलाच्या प्रगतीविषयी आईवडील आणि शिक्षक बोलतात तसं. मी आपला डाव्या पायाकडे बघत बसलो. त्याचा मला अभिमान वाटला. अखेर जाड गादीच्या तळाचे, रस्त्याचे म्हणून जे बूट होते ते घ्यायचं ठरलं. रंग नारिंगी. दुसरा रंग नाही का, असं मी विचारलं. आहे म्हणाले, पण तो याहून नारिंगी होता.

"आणि पट्ट्यासाठी दुसरा जोड?" मेहुण्याने विचारलं.

"एकच," मी म्हणालो. घरातून निघताना बायकोनेही हाच शब्द उच्चारला होता, आणि तिचा आवाज माझ्या कानात ताजा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नारिंगी बूट घालून खाली व्यायामाच्या खोलीत गेलो. दारातच सेक्रेटरी उभे होते. आमचे सेक्रेटरी मनाने वाईट नाहीत. पण नियम लावायची संधी आली की त्यांचा चेहरा उजळतो.

"साहेब, बाहेरचे बूट आत चालत नाहीत." त्यांनी भिंतीवरच्या पाटीकडे बोट केलं. "पट्टा खराब होतो. मातीने मोटर जाते."

"हे बाहेरचे नाहीत. नवे आहेत."

"आले कुठून?"

"दुकानातून."

"म्हणजे बाहेरूनच ना?"

"अहो, बूट बाहेरूनच येणार! घरात कुणी पिकवतं का?"

"तसं नव्हे. तुम्ही हे घालून रस्त्यावर धावणार की नाही? मग ते बाहेरचे. आणि रस्त्यावर धावणार नसाल तर हे रस्त्याचे बूट घेतले कशाला?"

दाव्याच्या कागदांत मी स्वतः लोकांना असल्याच कोपऱ्यात गाठतो, पण तिथे मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला असतो. मी म्हणालो की हा प्रश्न समितीपुढे ठेवा. रागात माणूस काहीही बोलतो.

त्यांनी तो खरोखरच ठेवला. समितीच्या बैठकीत गळक्या टाकीच्या आधी माझे बूट घेतले गेले. ते टेबलावर मधोमध ठेवले होते, खाली वर्तमानपत्र घालून. एका सदस्याचं म्हणणं पडलं की दाराशी पाण्याचा ट्रे ठेवावा, प्रत्येकाने तळ बुडवून आत यावं. दुसरे म्हणाले, ओला तळ पट्ट्यावर म्हणजे अपघात. मग पुसायला फडकं. फडकं कोण धुणार? या मुद्द्यावर बैठक बराच वेळ अडली. सरांनी बूट उलटा करून तळ निरखला, आणि इतक्या जाड तळाची गरज ज्याला भासते त्याने पोहावं, असं आपलं जुनंच मत पुन्हा नोंदवलं. शेवटी निर्णय झाला. बूट आतलेच समजले जातील, मात्र ते बाहेर न्यायचे नाहीत. व्यायामाच्या खोलीतल्या कपाटात राहतील, आणि किल्ली सेक्रेटरींकडे.

माझे बूट अटकेत गेले. आणि रस्त्यावर धावायचं तर आता माझ्याकडे बूट नव्हते.

"ते पांढरे," बायको म्हणाली.

मी ऐकायला हवं होतं. पण एव्हाना माझ्यात जिद्द उत्पन्न झाली होती, आणि ती आली की माझी विचारशक्ती रजेवर जाते. मी पुन्हा दुकानात गेलो. जाड तळाचे बूट माझ्या मापात संपले होते. पातळ तळाचे, जाळीचे, हलके असे होते, खास ट्रेडमिलसाठी. विक्रेता म्हणाला, सवय झाली की रस्त्यावरही चालून जातात. सवय होईपर्यंत काय होतं, ते तो बोलला नाही.

अशा रीतीने मी रस्त्याचे बूट घालून पट्ट्यावर धावू लागलो आणि पट्ट्याचे बूट घालून रस्त्यावर. मेहुण्याला हे कळलं ते फोनवर. त्याच्या घड्याळाने त्याला दीर्घ श्वास घ्यायची सूचना दिलेली मला ऐकू आली.

पातळ बुटांतून रस्ता फार जवळून कळतो. आमच्या घरापासून वळणापर्यंतचा एकेक खडा माझ्या वैयक्तिक परिचयाचा झाला. टाचा दुखायला लागल्या, नडग्या ठणकायला लागल्या. ऑफिसात मी जिना एक एक पायरी करत, कठड्याला धरून उतरू लागलो. आमच्या विभागप्रमुख बाई मला बाजूला घेऊन हळूच म्हणाल्या, "घरी सगळं ठीक आहे ना?" मी म्हणालो, धावतोय. त्या म्हणाल्या, "कशापासून?"

पट्ट्यावर उलटाच प्रकार. तिथे पट्टा मऊ आणि बूट त्याहून मऊ, म्हणजे गादीवर उशी ठेवून तिच्यावर धावावं तसं. दर पावलाला मी आवश्यकतेपेक्षा थोडा जास्त वर जात होतो. एकदा सेक्रेटरी माझ्या मागे वाकून उभे राहिले. तळाला माती आहे का, हे त्यांना चालत्या पट्ट्यावरच तपासायचं होतं.

"साहेब, जरा पाय वर घ्या बघू."

"पळताना पाय वर जातोच, अहो!"

"आणखी थोडा."

सभ्य माणसाला कुणी विनंती केली की नाही म्हणवत नाही. मी पाय आणखी थोडा वर घेतला. दुसरा पाय पट्ट्याबरोबर मागे गेला, आणि त्याच्यामागून मी. सेक्रेटरी वाकलेलेच होते, त्यामुळे मला लागलं नाही. त्यांना मात्र लागलं. आम्ही दोघं फरशीवर एकमेकांच्या अंगावर, वर रिकामा पट्टा घरघर फिरतोय, आणि दारात सर.

"म्हणून मी पोहा म्हणत होतो," सर म्हणाले.

शर्यतीच्या आदल्या दिवशी मी सेक्रेटरींची माफी मागायला गेलो. त्यांच्या मनगटाला पट्टी होती. खरं म्हणजे माफीबरोबर बूटही मागायचे होते. शर्यत रस्त्यावर होती आणि रस्त्याचे बूट त्यांच्या कपाटात. ते इतके भारावले की स्वतः कपाट उघडायला आले.

"घेऊन जा साहेब, हवे तिथे घालून जा," ते म्हणाले. "आणि मी तुमच्यासाठी एक काम करून ठेवलंय. परवा आपण पडलो ना, माझंही चुकलं. मनाला लागून राहिलं. म्हणून एका हाताने का होईना, बूट धुऊन ठेवले. आतून-बाहेरून."

मी बूट हातात घेतले. त्यांच्यातून पाणी ठिबकत होतं. जाड गादीचा तळ पाणी किती आणि किती वेळ धरून ठेवतो, याची माहिती मेहुण्याने मला दिलेली नव्हती. त्या रात्री बूट पंख्याखाली राहिले, सकाळी इस्त्रीखाली, आणि निघायच्या वेळी बायकोने त्यांच्यात बोट घालून बघितलं आणि ते बाल्कनीत ठेवून दिले.

मी पातळ बूट घातले. आत एकावर एक दोन मोजे चढवले, म्हणून ते घट्ट झाले. नाडी सैल केली, म्हणून टाच निसटू लागली.

"बाबा, तुला नक्की यायचंय ना?" मुलीने विचारलं.

"इतकं झाल्यावर?" मी म्हणालो.

शर्यतीत खूप माणसं होती. मेहुणा आमच्या शेजारी उभा होता, आणि सुरुवातीची शिट्टी वाजताच घड्याळाचं बटण दाबून दिसेनासा झाला. मी पहिल्या सिग्नलपर्यंत धावलो. खरंच धावलो, मला मागे टाकणाऱ्या आजीबाईंना सुद्धा ते मान्य करावं लागेल. पण त्यानंतर छातीत भाता चालू झाला, नडग्यांनी असहकार पुकारला, आणि मी चालू लागलो. गर्दी आमच्या बाजूने वाहत पुढे गेली. थोड्या वेळाने रस्ता एकदम शांत झाला. झाडू मारणारे लोक दिसू लागले.

मग मागून इंजिनाचा आवाज आला. बघतो तर रुग्णवाहिका. शर्यतीतल्या शेवटच्या माणसाच्या मागे ती ठेवायची पद्धत असते. आणि शेवटचा माणूस मी होतो. माणूस चालतो त्याच वेगाने ती माझ्या पाठीशी गुरगुरत येत होती. ड्रायव्हरने खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"बसताय का?"

"नाही," मी ताठ मानेने म्हणालो.

"काही घाई नाही. मी आहेच."

"तू पुढे जा गं," मी मुलीला म्हणालो. "तू तरी नीट पूर्ण कर."

"मला नाही जायचं," ती म्हणाली.

मी म्हणालो, अगं पण तुझी वेळ खराब होईल. आम्ही आणखी थोडं चाललो. मग रस्त्याकडे बघतच ती म्हणाली, "शर्यतीत पुढे नाही, बाबा. तिकडेच नाही जायचं. नोकरीवर."

मी थांबलो. रुग्णवाहिकाही थांबली.

"चालत राहा ना," ती म्हणाली, म्हणून मी चालू लागलो.

"म्हणजे जाणार आहे. सही केलीय. पण गेल्या आठवड्यात खोली बघून आले ना, तेव्हापासून भीती वाटते. खिडकी उघडली की समोर भिंत. सगळ्या मजल्यावर मी कुणालाच ओळखत नाही. आजारी पडले तर कुणाला हाक मारायची तेही माहीत नाही. घरात बोलायचं तर आई लगेच डबे भरायला घेणार, मामा मोबाईलवर काहीतरी शोधून पाठवणार. म्हटलं, बाबाबरोबर धावताना सांगू. धावताना तुझ्या हातात वर्तमानपत्र नसेल."

मी ऐकत होतो. ऐकता ऐकता सल्ले माझ्या तोंडाशी जमू लागले. खोली बदलून माग. शेजाऱ्यांशी पहिल्याच दिवशी ओळख करून घे. औषधांची पेटी जवळ ठेव. चांगले सल्ले होते, माझ्या वयाचा कुठलाही बाप देईल असे. पण गेल्या काही आठवड्यांत मला दुकानदारापासून अध्यक्षांपर्यंत सगळ्यांनी चांगलेच सल्ले दिले होते, आणि त्यातला एकही चुकीचा नव्हता, आणि माझ्या पायांची काय अवस्था होती ते मला माहीत होतं. खरं सांगायचं तर त्या क्षणी तेही माहीत नव्हतं. पायात कोणते बूट आहेत, ते कुठे चावतायत, हे मी पार विसरून गेलो होतो.

"मलाही भीती वाटतेय," मी म्हणालो.

"कशाची?"

"तू जाणार त्याची. घर खायला उठेल. तुझ्या आईला सांगू नकोस, ती मला कामाला लावेल."

ती हसली. मग नाक ओढलं. मग तिने माझा दंड धरला. रस्त्यात असा हात धरून ती शेवटची कधी चालली होती, ते मी आठवून बघितलं नाही. वेळ त्यात घालवायचा नव्हता. आम्ही बराच वेळ तसेच चाललो. लांब, रस्त्याच्या टोकाला, शर्यत संपण्याची कमान दिसत होती आणि दोन माणसं शिडी लावून तिचे फुगे उतरवत होती.

मागे रुग्णवाहिकेचा आवाज थोडा वाढला. ती आमच्या बरोबरीला आली. ड्रायव्हर एका हाताने चाक धरून खिडकीतून अर्धा बाहेर आला होता. त्याने सगळं ऐकलं होतं, आणि त्याच्या चेहऱ्यावर कळवळा होता.

"ताई," तो म्हणाला, "मध्ये बोलतो म्हणून रागावू नका. पण माझीही मुलगी अशीच बाहेरगावी आहे. मी एक सांगू का?"

"नको!" आम्ही दोघं एकदम ओरडलो, आणि जे पळत सुटलो ते कमानीखालून पार होईपर्यंत थांबलो नाही.